वाचकांचे प्रश्न : डेस्कटॉपवरच मांडलेला डाव

संगणकाच्या डेस्कटॉपची नक्कल करून त्यावरच रचलेल्या खेळांविषयी आमच्याकडे बरीच पत्रे आली. त्यांतील सहा पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. जागेअभावी काही पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझा भाचा सुट्टीत आमच्याकडे राहायला आला होता. रात्री तो लॅपटॉपवर कामच करतो आहे असे समजून मी मागे जाऊन उभा राहिलो, तर पडद्यावर आमच्या शाखेत पंचवीस वर्षांपूर्वी होता तसा करड्या खिडक्यांचा जुनाट संगणक दिसत होता आणि भाचा त्यात शब्द टाइप करून एका बाईच्या जबानीचे तुकडे शोधत होता. विचारल्यावर म्हणाला, “मामा, हा गेम आहे.” संगणकात खोटा संगणक उघडून त्यात खेळायचे, हा काय प्रकार आहे?
(एक निवृत्त बँक कर्मचारी, सांगली)

उत्तर : आपल्या वर्णनावरून तो खेळ ‘हर स्टोरी’ असावा. सॅम बार्लो या ब्रिटिश रचनाकाराने तो २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. १९९४ मध्ये पोलिसांनी एका स्त्रीची, तिच्या बेपत्ता पतीच्या संदर्भात, सात वेळा चौकशी केली आणि त्या चित्रफितींचे शेकडो छोटे तुकडे एका जुन्या पोलिसी संगणकात साठवलेले आहेत, अशी त्याची मांडणी आहे. खेळ सुरू होतो तेव्हा शोधाच्या चौकटीत ‘मर्डर’ हा शब्द कोणीतरी आधीच टाइप करून ठेवलेला असतो. त्यापुढे सांगणारे कोणी नाही. आपण शब्द टाइप करायचा आणि ज्या तुकड्यांत त्या स्त्रीच्या तोंडी तो शब्द आला असेल ते तुकडे पडद्यावर यायचे, एवढेच.

खरी मेख शोधाच्या मर्यादेत आहे. एखादा शब्द साठ तुकड्यांत आलेला असला तरी हा संगणक कालक्रमाने पहिले पाचच तुकडे पाहू देतो. त्यामुळे सर्रास वापरले जाणारे शब्द टाकले की सुरुवातीच्या चौकशांतले तेच ते तुकडे पुन्हा समोर येतात, आणि जिथे गाठ सुटते तो नंतरचा भाग हाती लागण्यासाठी असा एखादा आडवाटेचा शब्द सुचावा लागतो की जो त्या बाईने फक्त तिथेच उच्चारला असेल. तो शब्द सुचतो तो तिचे बोलणे कान देऊन ऐकले तरच. आपल्या भाच्याच्या शेजारी वही-पेन असेल तर आश्चर्य नाही. हा खेळ वही घेऊनच खेळला जातो. पडद्याच्या काचेवर छतावरच्या ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पडलेले असते आणि मधूनच त्या काचेत क्षणभर एक चेहराही उमटतो. तो कोणाचा, हे आम्ही येथे सांगणार नाही.

आपण ज्याला ‘खोटा संगणक’ म्हटले आहे, त्याचे येथे प्रयोजन आहे. फाइल उघडणे, खिडकी सरकवणे, शोधाच्या चौकटीत शब्द टाकणे ही कामे आपल्या बोटांना इतकी अंगवळणी पडलेली असतात की अशा खेळात वेगळे नियम शिकवावे लागत नाहीत. दुसरे असे की, किल्ल्यात तलवार घेऊन फिरताना आपण खुर्चीत बसलो आहोत हे विसरावे लागते. येथे मात्र कथेतला माणूसही संगणकासमोरच बसलेला असतो आणि आपणही. दोघांच्या हातांत माउस तोच असतो. या प्रकारातला कोणताही खेळ जोखताना आम्ही एकच गोष्ट पाहतो : संगणकावरचे एखादे रोजचे, कंटाळवाणे काम त्याने कथेच्या कामी लावले आहे का, की जुन्या पडद्याचे नुसते चित्र भिंतीवर टांगले आहे?

काइल सीली यांचा, फुकट मिळणारा ‘एमिली इज अवे’ हा २०१५ चाच खेळ या कसोटीवर उत्तम उतरतो. त्यात विंडोज एक्सपीच्या काळातली चॅटची खिडकी आहे आणि २००२ ते २००६ या पाच वर्षांचे पाच अध्याय आहेत. आपण तीनपैकी एक उत्तर निवडायचे आणि कळफलकावर कोणतीही बटणे दाबत सुटायचे. निवडलेले वाक्य आपोआप उमटत जाते. पुढच्या अध्यायांत मात्र असे होते की, मनातले वाक्य अर्धे उमटते, थांबते, मागे मागे खोडले जाते आणि त्याच्या जागी एक मिळमिळीत, सावध वाक्य येते. बोटे आपलीच चाललेली असतात, पण बोलण्याचे धैर्य पात्राला झालेले नसते. चॅटवर कधी काही लिहून पुसलेल्या कोणालाही ते दृश्य ओळखीचे वाटेल.

प्रश्न : या खेळांत नेहमी विंडोज ९५ किंवा एक्सपीसारखाच पडदा का असतो? आजचा का नाही? हा निव्वळ स्मरणरंजनाचा धंदा तर नव्हे?
(बी.सी.ए.चा विद्यार्थी, नाशिक)

उत्तर : स्मरणरंजनाचा वाटा आहेच आणि काही खेळांत तेवढेच आहे, हे मान्य करावे लागेल. परंतु आणखीही कारणे आहेत. त्यांतले सर्वांत व्यावहारिक कारण असे की, हे खेळ बहुधा एकटा माणूस किंवा दोन-चार जणांचा गट करतो, आणि करडी चौकट, निळी शीर्षपट्टी व बत्तीस ठिपके रुंदीचे आयकॉन काढणे एका माणसाच्या आवाक्यात असते. शिवाय खऱ्या कंपनीचे नाव आणि बोधचिन्ह वापरता येत नाही, म्हणून प्रत्येक रचनाकार स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम कल्पून काढतो. आणि एकदा ती कल्पिली की तिच्या खोडीही मनासारख्या रचता येतात.

मुख्य कारण मात्र, आमच्या मते, जुन्या संगणकाच्या अडेलपणात आहे. आजची यंत्रणा आपले काम लपवण्याची शिकस्त करते. जुनी मात्र प्रत्येक गोष्टीची दवंडी पिटत असे. फाइल कॉपी होत आहे, इतके टक्के झाली, आता अडकली, आता संपूर्ण संगणक हँग झाला. खेळाला अडथळा लागतो आणि या संगणकात अडथळ्यांना तोटा नव्हता.

‘प्रोग्रेसबार९५’ या खेळात तर दुसरे काहीच नाही. वरून रंगीत तुकडे पडतात, त्यांतले निळे तुकडे आपल्या प्रोग्रेस बारने झेलत शंभर टक्के भरायचे. लाल तुकडा लागला की निळा पडदा येऊन सारे संपते, आणि नेमक्या वेळी पॉप-अप येऊन वाट अडवतात, ते बंद करावे लागतात. ज्या पट्टीकडे आपण हात बांधून बघत बसत होतो, ती हातात दिली आहे, इतकी साधी त्याची गंमत आहे. अँड्र्यू मॉरिश यांच्या ‘किंग्जवे’मध्ये (२०१७) राजा-राक्षसांची नेहमीची साहसकथा अशाच पडद्यावर घडते : राक्षस ही एक खिडकी असते आणि ती पडद्यावर इकडून तिकडे पळते, पाठीवरची पिशवी हीदेखील खिडकी असते, कामगिऱ्या ईमेलने येतात. औषधाची बाटली ज्या खिडकीत आहे ती खिडकी ऐन लढाईत दुसऱ्या तीन खिडक्यांखाली दबलेली असली, तर ती वर काढेपर्यंत जीव जातो. पसारा आवरून न ठेवल्याची शिक्षा इतक्या रोखठोकपणे दुसऱ्या कोणत्या खेळाने दिल्याचे आम्हांला आठवत नाही.

आपल्या शंकेचे खरे उत्तर ‘हिप्नोस्पेस आउटलॉ’ या २०१९ च्या खेळात मिळेल. जे थोलेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात एक पर्यायी १९९९ साल उभे केले आहे. त्यात लोक डोक्याला पट्टा बांधून झोपेत इंटरनेटवर फिरतात, आणि आपण एका कंपनीचे बिनचेहऱ्याचे पहारेकरी असतो. लोकांनी हौसेने केलेली, भडक रंगांची, आपोआप गाणे वाजवणारी पाने चाळायची आणि नियमभंग दिसला की तक्रार नोंदवायची, हे काम. पहिल्याच कामगिरीत एका गुप्तहेर माशाच्या व्यंगचित्राची स्वामित्वहक्क मोडून लावलेली चित्रे शोधायची असतात आणि त्यांत लहान मुलांनी काढलेली चित्रेही निघतात. नियम स्पष्ट असतो, मोबदला ठरलेला असतो, आणि आपले बोट माउसवर थबकते. हे नव्वदच्या दशकाचे गोड चित्र खचितच नाही. त्या पानांवरची माणसे, त्यांची भांडणे, त्यांचे हट्ट हे सारे इतके खरे वाटते की काही वेळाने पडदा जुना आहे हे लक्षातही राहत नाही.

क्रिस्टीन लव्ह यांच्या ‘डिजिटल : अ लव्ह स्टोरी’चा (२०१०) उल्लेखही केला पाहिजे. १९८८ सालच्या त्या काल्पनिक संगणकावरून दुसऱ्या संगणकाशी बोलायचे तर दरवेळी फोन नंबरचा एकेक आकडा दाबावा लागतो आणि मॉडेमचा आवाज ऐकत थांबावे लागते. आपण पाठवलेली उत्तरे त्यात कधीच दिसत नाहीत. समोरच्याच्या पत्रावरून आपण काय लिहिले असेल याचा अंदाज बांधायचा.

प्रश्न : माझी मुलगी अकरावीत आहे. ती खेळत असलेल्या एका गेममध्ये पुढे जाण्यासाठी संगणकाच्या फोल्डरमध्ये जाऊन खरी फाइल डिलीट करावी लागते, असे तिने सांगितले. मला धास्ती वाटते. असे खेळ आपल्या संगणकातील इतर फाइलींना हात लावू शकतात का?
(एक गृहिणी, लातूर)

उत्तर : लावू शकतात, आणि तसे मुद्दाम करणारा एक खेळ होऊनही गेला आहे, परंतु आपल्या मुलीचा खेळ त्यांतला दिसत नाही. आपण सांगता ती युक्ती ‘डोकी डोकी लिटरेचर क्लब’ (२०१७) या खेळात आहे. त्यात पात्रांच्या नावांच्या फाइली खेळाच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवलेल्या असतात आणि एका टप्प्यावर खेळाबाहेर पडून त्यांतली एक काढून टाकावी लागते. त्या फाइली खेळाच्याच असल्यामुळे आपल्या कागदपत्रांना धोका पोहोचत नाही. ‘वनशॉट’ हा खेळही डेस्कटॉपचे चित्र बदलतो आणि आपल्या ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डरमध्ये कोड्याचे उत्तर असलेली चिठ्ठी ठेवून जातो. नुकसान तोही करीत नाही. ‘डोकी डोकी’बाबत काळजी करायचीच तर दुसऱ्या कारणासाठी करावी : वरवर शाळकरी प्रेमकथा दिसणाऱ्या त्या खेळात आत्महत्येची दृश्ये आहेत आणि तो लहान मुलांसाठी नाही, असा इशारा सुरुवातीलाच दिलेला आहे. तो मुलीबरोबर बसून वाचावा आणि तिच्याशी बोलावे.

तांत्रिक बाजू अशी आहे. संगणकावर आपण एखादा साधा प्रोग्रॅम सुरू करतो तेव्हा त्याला सामान्यतः आपलेच अधिकार मिळतात, म्हणजे जी फाइल आपण पुसू शकतो ती तोही पुसू शकतो. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या किंवा मोबाइलवरच्या खेळांना असे मोकळे रान नसते. म्हणून संगणकावर उतरवायचा खेळ अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावा आणि महत्त्वाच्या फाइलींची दुसरी प्रत वेगळी ठेवावी. ही प्रत खेळ खेळत नसाल तरीही ठेवावी.

आता त्या अपवादाविषयी. झॅक गेज या अमेरिकन कलाकाराने २००९ मध्ये मॅक संगणकासाठी ‘लूज/लूज’ नावाचा खेळ केला. दिसायला तो जुन्या पद्धतीचा, अवकाशातले परग्रहवासी टिपण्याचा खेळ. त्यातला प्रत्येक परग्रहवासी मात्र खेळणाऱ्याच्या संगणकातल्या एका खऱ्या फाइलवरून तयार झालेला असे. तो मारला की ती फाइल कायमची गेली. आपले यान नष्ट झाले तर खेळ स्वतःलाच पुसून टाकी. इशारा स्पष्ट दिलेला होता, तरी अँटिव्हायरस कंपनी सिमॅन्टेकने त्याची नोंद घातक प्रोग्रॅममध्ये केली. आम्हांला त्यातली वेगळीच गोष्ट टोचते. ते परग्रहवासी आपल्यावर कधीच गोळी झाडत नाहीत. त्यांना चुकवत कडेकडेने गेले तर काहीही बिघडत नाही. पण हातात बंदूक दिली आणि कोपऱ्यात गुणांचा आकडा ठेवला की माणूस ती चालवतो.

त्याच्या आधी न्यू मेक्सिको विद्यापीठात डेनिस चाओ यांनी याच्या उलट दिशेचा प्रयोग करून पाहिला होता. ‘डूम’ या १९९३ च्या प्रसिद्ध खेळाचा मूळ कोड १९९७ मध्ये सर्वांना खुला झाला होता. त्यात फेरफार करून त्यांनी ‘पीएसडूम’ तयार केला. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या संगणकावर त्या क्षणी चालू असलेली प्रत्येक प्रक्रिया, म्हणजे प्रत्येक चालू प्रोग्रॅम, त्यात राक्षस होऊन उभी राही. राक्षसाला जखमी केले की त्या प्रक्रियेचे प्राधान्य घटे, आणि मारले की ती प्रक्रिया बंद पडे. हेतू थट्टेइतकाच गंभीर होता : संगणकाची देखभाल करणाऱ्यांना हे अधिक सहज वाटेल का, हे पाहायचे होते, आणि त्यावरचा निबंध २००१ मध्ये प्रसिद्धही झाला. अडचण अशी की ‘डूम’मधले राक्षस एकमेकांवरही तुटून पडतात. चाओ पडद्याचे छायाचित्र घेत होते, तेवढ्यात दुसऱ्या एका राक्षसाची गोळी लागून सी-शेल हा राक्षस गतप्राण झाला. आणि सी-शेल म्हणजे ज्या प्रोग्रॅममधून ते स्वतः काम करीत होते तोच. त्यांचे काम तिथल्या तिथे बंद पडले.

प्रश्न : आम्ही पदविका वर्गाला ऑपरेटिंग सिस्टीम हा विषय शिकवतो. शेड्युलिंग आणि पेजिंग ही प्रकरणे मुलांना कोरडी वाटतात. वर्गात वापरता येईल असा एखादा खेळ सुचवाल का?
(तंत्रनिकेतनातील अधिव्याख्याता, जळगाव)

उत्तर : ‘यू आर द ओएस’ हा फुकट आणि मुक्त स्रोत असलेला खेळ आपल्या कामाचा आहे. त्यात खेळणारा स्वतःच ऑपरेटिंग सिस्टीम असतो. प्रक्रिया म्हणजे चेहऱ्यांचे छोटे चौकोन. त्यांना आळीपाळीने सीपीयूवर बसवायचे, हेच शेड्युलिंग. ज्याला फार वेळ पाळी मिळत नाही त्याचा चेहरा उतरत जातो आणि शेवटी वापरणारा माणूस वैतागून ती प्रक्रिया बंद करतो. असे बरेच वेळा झाले की तो संगणकच रीबूट करतो आणि आपण संपतो. मेमरी भरली की तिचे तुकडे, म्हणजे ‘पाने’, डिस्कवर हलवायची आणि लागतील तेव्हा परत आणायची, हे पेजिंग. ‘स्टार्व्हेशन’ (प्रक्रियेला पाळीच न मिळणे) म्हणजे काय हे फळ्यावर लिहिण्याआधी दहा मिनिटे हा खेळ खेळू द्यावा, असे सुचवतो.

टर्मिनलची, म्हणजे आज्ञा टाइप करून संगणक चालवण्याच्या खिडकीची, भीती घालवायची असेल तर ‘हॅकनेट’ (२०१५) पाहावा. त्यात एलएस, सीडी, आरएम यांसारख्या युनिक्सच्या धर्तीच्या आज्ञा हाताने टाइप कराव्या लागतात आणि बाहेर पडण्यापूर्वी आपल्या नोंदी पुसायला विसरले तर पाठलाग सुरू होतो. त्यातली घुसखोरी खऱ्यापेक्षा फारच सोपी आहे, हे वर्गात आवर्जून सांगावे लागेल.

प्रश्न : असा एखादा खेळ मराठीत रचायचा, तर आपल्याकडे त्यासाठी काय आहे? मी प्रोग्रॅमर आहे, म्हणून विचारतो.
(एक वाचक, पुणे)

उत्तर : महाराष्ट्रातल्या पुष्कळ घरांनी विंडोज पहिल्यांदा पाहिले ते २००१ नंतर गावोगावी निघालेल्या एमएस-सीआयटीच्या वर्गांत, एका संगणकामागे दोघे बसून, त्या पडद्याची ओळख येथे आयतीच आहे. परंतु त्याहून सकस सामग्री आपल्या फॉन्टमध्ये दडलेली आहे. युनिकोड ही सर्व संगणकांवर सारखीच चालणारी अक्षरांची संकेतपद्धती रुळण्यापूर्वी मराठी मजकूर श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा निरनिराळ्या फॉन्टमध्ये टाइप होत असे. त्या फाइलींत आत रोमन अक्षरांचीच सांकेतिक स्थाने असत आणि फॉन्ट त्यांच्यावर देवनागरीचे रूप चढवी. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर तीच फाइल उघडली की निमंत्रणपत्रिकेच्या जागी उलटसुलट रोमन अक्षरे आणि चिन्हे दिसत. विंडोज २००० बरोबर ‘मंगल’ हा युनिकोड फॉन्ट आला, तरी छापखान्यांतून जुन्या फाइली पुढे कितीतरी वर्षे चालू राहिल्या.

आता कल्पना करा : बंद पडलेल्या एका डीटीपी केंद्राचा संगणक खेळणाऱ्याच्या ताब्यात आला आहे. फोल्डरमध्ये लग्नपत्रिका, श्रद्धांजलीचे मजकूर, पतसंस्थेचे अहवाल आणि नाव नसलेल्या काही चिठ्ठ्या आहेत. प्रत्येक फाइल वाचण्यासाठी तिचा फॉन्ट आधी शोधून काढावा लागतो, आणि चुकीचा फॉन्ट लावला तर मजकूर निम्मा कळतो, निम्मा फसवतो. ‘हर स्टोरी’ला पाच तुकड्यांची मर्यादा मुद्दाम घालावी लागली, येथे मर्यादा इतिहासानेच घालून ठेवली आहे. आपण हे केलेत तर आम्हांला अवश्य कळवा.

प्रश्न : हे नवे खेळ राहू द्या. माझे वडील निवृत्त झाल्यापासून, म्हणजे अकरा वर्षे, जुन्या विंडोजमधला फ्रीसेल हा पत्त्यांचा खेळ खेळतात. क्रमांक एकपासून रोज तीन डाव, ओळीने, वहीत नोंद करून. आता ते ११९८२ वर अडले आहेत. महिना झाला, पुढे जात नाहीत आणि जेवतानाही त्याचाच विचार करतात. काही युक्ती आहे का?
(एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : पत्र वाचून आम्ही हसलो आणि लगेच ओशाळलो, कारण वडिलांचा महिना खरोखरच वाया गेला आहे. विंडोजबरोबर खेळ देण्याची प्रथा जुनी आहे. १९८५ च्या पहिल्या विंडोजमध्ये रिव्हर्सी हा सोंगट्या उलटवण्याचा खेळ होता, आणि ‘हर स्टोरी’च्या त्या जुन्या संगणकातही रिसायकल बिन उघडला की त्याच धाटणीचा एक खेळ सापडतो. १९९० च्या विंडोज ३.० मधला सॉलिटेअर वेस चेरी या प्रशिक्षणार्थीने लिहिला आणि त्याचे पत्ते सुझन केअर यांनी रेखाटले. पत्ते ओढता ओढता लोकांचा माउसवर हात बसला असे नेहमी सांगितले जाते. फ्रीसेलची कथा निराळी. विंडोज ९५ मधल्या फ्रीसेलला ३२,००० क्रमांकित डाव होते आणि प्रत्येक डाव सुटतो असे मानले जाते, मात्र ते सिद्ध झालेले नाही, अशा अर्थाचे वाक्य त्याच्या मदतीच्या पानावर होते. १९९४-९५ मध्ये शंभराहून अधिक हौशी खेळाडूंनी इंटरनेटवरून हे सर्व डाव आपापसांत वाटून घेतले आणि एकेक करीत सोडवून टाकले. एकच उरला, तो ११९८२. पुढे संगणकानेही तो तपासला. तो सुटत नाही.

तेव्हा वडिलांना वहीत त्या क्रमांकापुढे काट मारून खुशाल ११९८३ सुरू करायला सांगावे. नंतरच्या विंडोज एक्सपीत डावांची संख्या दहा लाखांवर नेली गेली आणि त्यांत न सुटणारे एकूण आठ निघाले. या क्रमाने गेल्यास पुढचा न सुटणारा डाव १४६६९२ व्या क्रमांकावर आहे. रोज तीन या वेगाने तिथे पोहोचायला सुमारे एकशे तेवीस वर्षे लागतील.